स्पॅनिशचा 'येनो' इंग्रजीत न्यायचा कसा: पायरी-पायरीने

'एल नीन्यो येगो येनो दे बार्रो.' पावसाळा लागला की मी हे वाक्य दर बॅचला देते आणि दर बॅचच्या वहीत तेच उत्तर येतं, 'द बॉय केम फुल ऑफ मड'. इंग्रजी वाचणाऱ्याला ह्यातून असं कळतं की पोराच्या आतच चिखल भरलाय, गोणीत वाळू भरतात तसा. पोरगं बिचारं मैदानावर खेळून घरी आलंय, एवढंच.

मी इंदूरला रामबागेत घरीच स्पॅनिश शिकवते, जोडीला थोडं अनुवादाचं काम करते. 'येनो' म्हणजे ढोबळमानाने 'भरलेला'. ह्या एका शब्दावर हुशार मुलंसुद्धा अडकतात आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं, की 'येनो' दिसला रे दिसला की हात आपोआप 'फुल' लिहून मोकळा होतो. मधे आपली मराठी आहे, तिच्याकडे ह्या अर्थाचे दहा-बारा शब्द तयार पडलेत, पण तिला कोणी विचारतच नाही. ज्यांना हे काम नीट करायचंय त्यांनी खालच्या पायऱ्या ह्याच क्रमाने घ्या, मधली गाळू नका.

सुरुवातीच्या आधी

शब्दाचं स्पेलिंग डबल एल, ई, एन, ओ. उच्चार मी 'येनो' लिहितेय, अर्जेंटिनाच्या ब्वेनोस आयरेसकडे तोच 'शेनो' ऐकू येतो, तेव्हा ऑडिओवरून काम करत असाल तर दचकू नका. रूपं चार: येनो, येना, येनोस, येनास.

समोर काय काय पाहिजे ते सांगते. एक, पूर्ण वाक्य, आणि त्याच्या आधीचं आणि नंतरचं एकेक वाक्य. नुसता शब्द पाठवून 'ताई ह्याचं इंग्रजी सांगा ना' असं विचारणाऱ्यांना मी उत्तरच देत नाही, कारण ते देताच येत नाही. दोन, मजकूर कोणत्या देशातला आहे ही माहिती, ती सहाव्या पायरीला लागणारच. तीन, स्पॅनिश-स्पॅनिश शब्दकोश, रेआल आकादेमिया एस्पान्योला म्हणजे स्पेनच्या भाषा अकादमीचा ऑनलाइन फुकट आहे तो उत्तम. चार, इंग्रजी-इंग्रजी लर्नर्स डिक्शनरी, ज्यात कोणत्या शब्दामागे 'ऑफ' येतं आणि कोणत्यामागे 'विथ' ते उदाहरणासकट दिलेलं असतं.

स्पॅनिश-इंग्रजी कोश सगळ्यात शेवटी उघडा. त्यात 'येनो'समोर पहिला शब्द 'फुल' असतो आणि एकदा तो डोळ्यात शिरला की बाकीचं डोकं चालतच नाही.

आणि एक कोरा कागद. का ते तिसऱ्या पायरीला कळेल.

१. आधी बघा, हे विशेषण तरी आहे का

ही तपासणी अर्ध्या मिनिटाची, पण लोक करत नाहीत. 'येनो' तीन-चार वेगळ्या वेषात येतो.

'येनार' म्हणजे भरणे, त्याचं 'मी भरतो'सुद्धा 'येनो'च. 'येनो एल फोर्मुलारियो' म्हणजे 'मी फॉर्म भरतो', 'आय फिल इन द फॉर्म'. ह्याचं 'द फुल फॉर्म' केलेलं मी पाहिलंय. आता आपल्याकडे 'फुल फॉर्म' म्हणजे भलतंच काहीतरी, त्यामुळे लिहिणाऱ्याला शंकासुद्धा आली नाही.

कधी ते नाम असतं. 'उबो येनो तोताल एन एल तेआत्रो', म्हणजे नाटक हाउसफुल झालं. पण हा 'हाउसफुल' आपल्याकडचा, इंग्लंड-अमेरिकेत 'द थिएटर वॉज हाउसफुल' म्हणत नाहीत. तिथे 'इट वॉज अ फुल हाउस' किंवा 'द शो वॉज सोल्ड आउट'.

आणि सगळ्यात फसवा प्रकार, 'दे येनो'. शब्द तेच दोन, क्रम उलटा. 'येनो दे' म्हणजे कशाने तरी भरलेला, 'दे येनो' म्हणजे थेट, पुरतं, झोकून देऊन. 'एल सोल ले दाबा दे येनो एन ला कारा' म्हणजे ऊन थेट तोंडावर येत होतं, 'द सन वॉज शायनिंग फुल इन हर फेस'. 'से मेतियो दे येनो एन एल त्राबाखो' म्हणजे तिने कामात झोकून दिलं, 'शी थ्रू हरसेल्फ इंटू द वर्क'.

तपासा: शब्दाच्या आधी 'दे' आहे का? आधी 'उन' किंवा 'एल' आहे का? वाक्यात दुसरं क्रियापद सापडत नाहीये का? ह्यातलं एकाचंही उत्तर 'हो' आलं तर हे विशेषण नसण्याची शक्यता जास्त, आधी तेवढा निकाल लावा.

२. कोणाचं विशेषण, ते शेपटी बघून ठरवा

'उना काखा दे लिब्रोस येना दे पोल्बो.' आता धूळ कशावर आहे, खोक्यावर का पुस्तकांवर? 'येना' एकवचनी स्त्रीलिंगी आहे, 'काखा'सुद्धा, म्हणजे धूळ खोक्यावर. तेच 'येनोस दे पोल्बो' असतं तर पुस्तकांवर. आपल्याला हे समजायला जड नाही, मराठीत आपणही 'धुळीने माखलेलं खोकं' आणि 'धुळीने माखलेली पुस्तकं' असं शेपूट बदलतोच की.

अडचण इंग्रजीत येते कारण तिथे शेपूटच नाही. 'अ बॉक्स ऑफ बुक्स फुल ऑफ डस्ट' लिहिलंत तर वाचणारा अंदाज करत बसेल. म्हणून वाक्याची मांडणीच बदलायची: पहिल्यासाठी 'अ डस्टी बॉक्स ऑफ बुक्स', दुसऱ्यासाठी 'अ बॉक्स ऑफ डस्टी बुक्स'. एक शब्द इकडचा तिकडे झाला की धूळ हलते.

'मेदियो' मात्र बदलत नाही, 'ला बोतेया मेदियो येना' बरोबर आहे, 'हाफ फुल'. त्याला टायपिंगची चूक समजू नका.

३. मराठी ओळ लिहा, 'भरलेला' शब्द न वापरता

हीच खरी पायरी. कोऱ्या कागदावर वाक्य मराठीत लिहायचं, पण 'भरलेला' लिहायला बंदी.

चिखलाच्या वाक्यावर एक मुलगी अडली होती, अकरावीतली, वही माझ्या डायनिंग टेबलवर उघडी, बाहेर धो धो पाऊस. 'फुल ऑफ' खोडलं होतं, वर 'फिल्ड विथ' लिहून तेही खोडलं होतं. मी म्हटलं इंग्रजी राहू दे, तुझा भाऊ असा दारात उभा राहिला तर आई काय म्हणेल? ती पटकन म्हणाली, 'अरे, किती माखून आलायस!' बस. माखलेला म्हणजे चिखल बाहेरून लागलाय, आत नाही. बाहेरून लागलेल्याला इंग्रजीत 'कव्हर्ड इन'. 'द बॉय केम होम कव्हर्ड इन मड.' तिसऱ्या खाडाखोडीनंतर तिने ते लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

मराठी शब्द आधी सापडला की इंग्रजी शब्द मागोमाग येतो. माझ्या कागदावर जमलेल्या जोड्या देते, पण ह्या पाठ करू नका, प्रत्येक वेळी चित्र डोळ्यासमोर आणा.

सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, दहाला गर्दी कशी असते? खचाखच. 'येनो दे खेन्ते' म्हणजे 'पॅक्ड' किंवा 'क्राउडेड'. 'फुल ऑफ पीपल' चूक नाही, पण पायाखालची जमीन दिसत नाही अशी गर्दी त्यातून दिसत नाही.

आंब्यांनी लगडलेलं झाड, 'आर्बोल येनो दे मान्गोस', इंग्रजीत 'लेडन विथ मँगोज'. डोळे 'येनोस दे लाग्रिमास' म्हणजे डबडबलेले, 'ब्रिमिंग विथ टिअर्स'. 'येनो दे आगुखेरोस', भोकं पडून चाळण झालेलं, 'रिडल्ड विथ होल्स', आणि हेच 'रिडल्ड विथ' चुकांनाही चालतं, 'येनो दे एर्रोरेस'. उवांनी बुजबुजलेलं डोकं, 'येना दे प्योखोस', 'क्रॉलिंग विथ लाइस'. कर्जात बुडालेला माणूस, 'येनो दे देउदास', 'अप टू हिज इअर्स इन डेट'. अभिमानाने ऊर भरून येतो तिथे, 'येनो दे ओर्गूयो', 'फिल्ड विथ प्राइड', भावनांना 'फिल्ड विथ' बहुतेक वेळा बसतं.

आणि कधीकधी इंग्रजीत एकच विशेषण पुरतं, मागे शेपूट लागतच नाही. 'उना काये येना दे बाचेस', खड्डेच खड्डे असलेला रस्ता, 'अ पॉटहोल्ड रोड'. धुराने भरलेली खोली 'अ स्मोकी रूम' होऊ शकते, पण इथे जपून, 'स्मोकी' म्हणजे थोडासा धूरही असू शकतो, आग लागलेली असेल तर 'फिल्ड विथ स्मोक'च लिहा.

सावध: कधी मराठीही पूर्ण जुळते आणि आपण विश्वास ठेवत नाही. 'एस्ता उन पोको येनीता' म्हणजे जरा अंगाने भरलीये, 'शी'ज अ बिट प्लम्प'. ह्याचं 'शी इज अ लिटल फुल' झालं की वाटतं तिचं जेवण झालंय.

४. इंग्रजी शब्दामागचं शेपूट आणि जागा

इथे मात्र मराठीच आपल्याला पाडते, तेवढं डोळे उघडे ठेवा.

आपण म्हणतो 'पाण्याने भरलेला', त्या 'ने'मुळे हातातून 'फुल विथ वॉटर' उतरतं. स्पॅनिशमध्ये 'दे' आहे, इंग्रजीत 'ऑफ' आहे, दोन्हीकडे 'ने' नाही, तरी आपल्या कानात ते वाजत राहतं. उलटी चूक 'फिल्ड ऑफ'. नियम एवढाच धरा की 'फुल'ला 'ऑफ', 'कव्हर्ड'ला 'इन' किंवा 'विथ', आणि पॅक्ड, फिल्ड, लेडन, रिडल्ड, ब्रिमिंग ह्या सगळ्यांना 'विथ'.

दुसरी चूक जागेची. मराठीत 'पाण्याने भरलेला ग्लास', सगळं वर्णन आधी, म्हणून मुलं लिहितात 'अ फुल ऑफ वॉटर ग्लास'. इंग्रजीत एकटं 'फुल' नामाच्या आधी बसतं, 'अ फुल ग्लास', पण मागे 'ऑफ' आलं की सगळंच्या सगळं नामाच्या मागे जातं, 'अ ग्लास फुल ऑफ वॉटर'. स्पॅनिशचा क्रमही तोच आहे, 'उन बासो येनो दे आग्वा', म्हणजे इथे नुसतं मूळ वाक्याच्या मागे गेलात तरी वाचाल.

तपासा: 'उन बासो दे आग्वा' आणि 'उन बासो येनो दे आग्वा' ह्यातला फरक तुमच्या इंग्रजीत उरलाय का? पहिलं 'अ ग्लास ऑफ वॉटर', काठोकाठ असेलच असं नाही.

५. 'प्लेनो' आला तर 'भर' आठवा

'प्लेनो' हा 'येनो'चा जवळचा नातेवाईक, आणि ह्यावर लोक जास्तच घसरतात. 'एन प्लेनो बेरानो'चं 'इन फुल समर' मी इतक्या वेळा खोडलंय की लाल पेन त्याच्यासाठी वेगळं ठेवावं लागेल.

आपल्याकडे ह्याला तयार शब्द आहे: भर. भर उन्हाळ्यात, भर दुपारी, भर पावसात, भर चौकात, भर रस्त्यात. 'एन प्लेनो' दिसलं की तिथे 'भर' ठेवून बघा, वाक्य लगेच बोलायला लागतं. रंगपंचमीला गेर, म्हणजे आमच्या इंदूरची रंगांची मिरवणूक, राजवाड्यासमोर पोचलेली असताना कोणाचा मोबाइल हरवला, तर आपण 'भर गेरीत हरवला' म्हणू, स्पॅनिश माणूस 'एन प्लेना' म्हणेल. दोघांनाही सांगायचंय की सगळं ऐन रंगात असताना.

इंग्रजीत 'भर'ला एकच शब्द नाही, 'भर' कशाच्या पुढे लागलाय त्यावर ठरतं. ऋतू किंवा संकट असेल तर 'ॲट द हाइट ऑफ', जसं 'ॲट द हाइट ऑफ समर'. जागा असेल तर 'राइट इन द मिडल ऑफ', 'एन प्लेनो सेन्त्रो' म्हणजे 'राइट इन द सेंटर'. शरीरावर मार असेल, 'एन प्लेना कारा', तर 'राइट इन द फेस'. चालू क्रिया असेल तर 'मिड', 'एन प्लेनो ब्वेलो' म्हणजे 'इन मिड-फ्लाइट'. दिवसाउजेडी झालेली चोरी, 'आ प्लेना लूस देल दिया', 'इन ब्रॉड डेलाइट', आणि भर रात्री, 'एन प्लेना नोचे', 'इन द डेड ऑफ नाइट' किंवा साधं 'इन द मिडल ऑफ द नाइट'.

'एन प्लेनो सिग्लो बेइन्तिउनो' जरा वेगळं. ह्यात तक्रार असते, 'एकविसाव्या शतकातसुद्धा हे चालू आहे!' ह्याचं 'इन द मिडल ऑफ द ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी' केलं तर साल २०५० वाटतं. 'इन धिस डे अँड एज' लिहा, किंवा 'इन द ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी' ठेवून राग बाकी वाक्यात आणा.

सावध: 'एन प्लेनो' नामाच्या मागे आलं आणि त्याच्यापुढे जोडायला काही नसलं तर अर्थ 'अख्खा'. 'एल प्वेब्लो एन प्लेनो' म्हणजे अख्खं गाव, 'द एन्टायर व्हिलेज'. गावाच्या मधोमध नाही.

सरकारी आणि कायद्याच्या मजकुरात मात्र 'प्लेनो'चं 'फुल' बरोबर असतं: 'प्लेनो एम्प्लेओ' 'फुल एम्प्लॉयमेंट', 'प्लेनोस पोदेरेस' 'फुल पॉवर्स', 'म्येम्ब्रो दे प्लेनो देरेचो' 'फुल मेंबर'. मराठीत तिथे 'भर' बसत नाही, 'पूर्ण' बसतं, हीच त्याची खूण. नगरपालिकेच्या बातमीत 'एल प्लेनो' नाम म्हणून आला तर ती सगळ्या सभासदांची बैठक, 'प्लीनरी सेशन'. मृत्युपत्रात 'एन प्लेनो ऊसो दे सूस फाकुल्तादेस' आलं की इंग्रजी मृत्युपत्राची ठरलेली भाषा घ्या, 'ऑफ साउंड माइंड'.

६. बाकीचे नातेवाईक

'रेप्लेतो' म्हणजे गच्च. बस 'रेप्लेतो' असेल तर 'पॅक्ड', इंग्रजीतला 'रिप्लीट' दिसायला सारखा असला तरी पुस्तकी आहे, बसला शोभत नाही.

'कोम्प्लेतो' हॉटेलच्या पाटीवर असेल तर 'नो व्हेकन्सीज', ईमेलमध्ये असेल तर 'फुली बुक्ड'. 'द होटेल इज कम्प्लीट' वाचून माणसाला वाटतं बांधकाम संपलं. 'पेन्सियोन कोम्प्लेता' मात्र 'फुल बोर्ड', 'नोम्ब्रे कोम्प्लेतो' 'फुल नेम'. आणि मजकूर चिलीचा असेल, खाण्यापिण्याचा असेल, तर 'उन कोम्प्लेतो' म्हणजे तिथला हॉट डॉग, देश आधी विचारा असं म्हटलं होतं ते ह्यासाठीच.

'आर्तो'मध्ये पोट नाही, मन भरतं. 'एस्तोय आर्ता दे एस्पेरार', वाट बघून वीट आला, 'आय'म फेड अप विथ वेटिंग'. पण लॅटिन अमेरिकेत 'आर्तो' थेट नामाच्या आधी बसला तर 'पुष्कळ', 'आर्ता खेन्ते' म्हणजे 'लॉट्स ऑफ पीपल', कंटाळलेली माणसं नव्हेत. 'एस्तार' म्हणजे 'असणे' (वरचं 'एस्तोय' त्याचंच रूप) आणि 'दे' ह्यांच्या मधे आहे का नामाला चिकटून आहे, एवढं बघितलं की सुटतं.

'कोल्मादा' माझ्या स्वतःच्या चुकीमुळे मला कायमची लक्षात आहे. पाककृतींची फाइल होती, 'उना कुचारादा कोल्मादा' आलं, मी 'वन फुल टेबलस्पून' लिहिलं आणि पुढे गेले. फाइल परत आली, शेरा होता: सपाट का शिगोशीग? खरंच, 'फुल' वाचून करणारा चमचा सुरीने सपाट करेल आणि केकचं प्रमाण बदलेल. शिगोशीग चमचा म्हणजे 'हीप्ड टेबलस्पून', अमेरिकेसाठी 'हीपिंग'. सपाट चमचा 'कुचारादा रासा', 'लेव्हल टेबलस्पून'. मराठीत 'शिगोशीग' हा शब्द मी लहानपणापासून आजीच्या तोंडी ऐकत आले होते, विचारला असता तर चूक झालीच नसती.

स्वयंपाकातच 'र्रेयेनो' भेटेल, ते भरली वांगीमधलं 'भरली'. इंग्रजीत 'स्टफ्ड', 'पिमिएन्तोस र्रेयेनोस' म्हणजे 'स्टफ्ड पेपर्स'.

वाक्प्रचार शब्दशः नेऊ नका. 'येनो आस्ता ला बान्देरा'मध्ये झेंडा आहे, इंग्रजीत झेंडा नको, 'पॅक्ड टू द राफ्टर्स'. 'आ मानोस येनास' बघून ठरवा: पैसा उधळणं असेल तर 'लाइक वॉटर', आपण पाण्यासारखा पैसा म्हणतो तेच, आणि पैसा छापणं असेल तर 'हँड ओव्हर फिस्ट'.

७. शेवटचं वाचन

स्पॅनिश झाकून ठेवा, फक्त इंग्रजी मोठ्याने वाचा. जिथे जिथे 'फुल' आलंय तिथे पेन्सिलीने गोल करा. एका पानावर चार-पाच गोल दिसले तर परत तिसऱ्या पायरीवर जा, प्रत्येक गोलासाठी एक मराठी ओळ लिहा. ज्या जोडीची खात्री नाही ती अवतरणचिन्हात टाकून नेटवर शोधा आणि इंग्रजी ज्यांची रोजची भाषा आहे अशा लोकांनी ती वापरलीये का ते बघा. आपल्याकडच्या वर्तमानपत्रात सापडली म्हणून ती बरोबर, असं धरू नका, 'फुल विथ' तिथेही सापडतं.

ह्याची उलटी बाजूही मला दिसायला लागलीये. एवढं सगळं शिकल्यावर मुलं 'फुल'ला इतकी घाबरतात की जेवून उठलेल्या माणसाच्या 'एस्तोय येनो'चंही काहीतरी जड इंग्रजी करतात. पोहे-जलेबी खाऊन पोट भरलं की 'आय'म फुल', संपलं. टाकी भरलेली असेल तर 'फुल टँक', 'येनो दे बीदा' असेल तर 'फुल ऑफ लाइफ'. आणि 'लूना येना' म्हणजे 'फुल मून', तिथे हातच लावू नका.